सेन्सर दंडावर बसला, आता आकडे वाचायचे कसे?

साताऱ्यात असो की सांगलीत, ‘शुगर बघायची’ म्हणजे महिना-दोन महिन्यांतून एकदा उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, रक्त द्यायचं, काहीतरी खाऊन दोन तासांनी परत रक्त द्यायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं. तपासणीच्या आधीचे चार दिवस पथ्य जरा जास्तच कडक पाळलं जातं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. त्या दोन आकड्यांवर पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्या ठरतात. पण लग्नाच्या पंगतीनंतर साखर किती चढली, रात्री दोन वाजता ती किती खाली गेली, रानातून दमून आल्यावर ती कुठे होती, हे त्या कागदावर नसतं. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, महत्त्वाची आहेच. पण तीही बरंच काही झाकून टाकते. एक माणूस दिवसभर दीडशेच्या आसपास असतो, दुसरा पहाटे साठ आणि दुपारी अडीचशे असे हेलकावे खातो, आणि दोघांची सरासरी सारखी येऊ शकते. धोका मात्र दुसऱ्याला जास्त असतो.

ही झाकलेली माहिती दाखवणारं साधन म्हणजे कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर. पेशंट त्याला नुसतं ‘सेन्सर’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. भारतात अ‍ॅबट कंपनीचा ‘फ्रीस्टाइल लिब्रे प्रो’ हा सेन्सर २०१५ मध्ये आला. तो डॉक्टरांनी लावायचा आणि चौदा दिवसांनी त्यांनीच वाचायचा. पुढे पेशंटला स्वतःच्या मोबाइलवर आकडे दिसतील असे सेन्सर आले आणि आता तालुक्याच्या गावांतही दंडावर पांढरी चकती लावलेली माणसं दिसतात. चकती लावणं दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतरच्या चौदा दिवसांत काय करायचं, हे मात्र फार थोड्यांना नीट सांगितलं जातं. हा लेख त्या चौदा दिवसांसाठी आहे.

सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, ही पहिली गोष्ट. त्याचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जेमतेम पाच मिलिमीटर जातो आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातली साखर त्या द्रवात पोचायला पाच-दहा मिनिटं, कधी पंधरा मिनिटं लागतात. साखर स्थिर असेल तर सेन्सर आणि बोटाची सुई यांचे आकडे जवळजवळ जुळतात. जेवणानंतर साखर भराभर चढत असताना किंवा कष्टाच्या कामात भराभर उतरत असताना सेन्सर थोडा मागे राहतो. त्यामुळे दोन्हींत पंधरा-वीसचा फरक दिसला म्हणून सेन्सर बिघडला असं समजू नका. पहिला दिवसभर तर तो शरीरात रुळत असतो. त्या दिवसाच्या आकड्यांवरून कोणताही निर्णय घेऊ नये.

आकड्याशेजारचा बाण आकड्याइतकाच महत्त्वाचा. लिब्रेमध्ये आडवा बाण म्हणजे साखर स्थिर आहे. तिरका बाण म्हणजे दर मिनिटाला एक ते दोन मिलिग्रॅमने चढते किंवा उतरते आहे. सरळ वर किंवा सरळ खाली गेलेला बाण म्हणजे वेग दोनपेक्षा जास्त आहे. आडव्या बाणासह ११० हा निवांत आकडा. सरळ खाली बाणासह ११० म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत सत्तरच्या आसपास, आणि अशा वेळी मोटारसायकलला किक मारून खंबाटकी घाट उतरायला निघू नये.

हा सेन्सर कुणी घ्यावा? टाइप १ मधुमेह असलेली मुलं आणि मोठी माणसं, दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन घेणारे आणि ज्यांची साखर कळत-नकळत वारंवार खाली जाते असे सगळे यांना तो सर्वांत जास्त उपयोगी आहे. गरोदरपणात इन्सुलिन सुरू असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. सकाळ-संध्याकाळ तयार मिश्रणाचं इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणारे वयस्कर लोक यांनाही चौदा दिवसांचा आलेख बरंच काही सांगतो, कारण ही औषधं साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात. आणखी एक गट आपल्याकडे मोठा आहे: अंगात रक्त कमी असलेल्या बायका. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते. मूत्रपिंडाच्या आजारात किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तरी ती फसवते. तिथे सेन्सर जास्त खरं बोलतो. नुसती मेटफॉर्मिन चालू आहे, रिपोर्ट वर्षभर चांगले आहेत, अशांना सेन्सरची घाई नाही. आणि मधुमेह नसलेल्यांनी कुणाचा तरी व्हिडिओ पाहून तो लावण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

‘मी तर काटकुळा, मला कसली शुगर?’ हा समज मात्र सोडून द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यातल्या बऱ्याच जणांची घडण. म्हणून परदेशी पुस्तकातली ‘हे खा, ते खाऊ नका’ची यादी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि शेजाऱ्याची यादीही पडत नाही. आयसीएमआर-इंडियॅब पाहणीने २०२३ मध्ये देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख आणि त्याच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख लोक असल्याचा अंदाज दिला. इतक्या माणसांना एकच आहारपत्रक पुरणार नाही. आपलं पत्रक आपल्या आलेखावरून बनवायचं.

आता पैशांचं. एका सेन्सरला साधारण चार ते सहा हजार रुपये पडतात आणि तो चौदा-पंधरा दिवस चालतो. वर्षभर सतत लावायचा तर सव्वीसच्या आसपास सेन्सर, म्हणजे एक ते दीड लाखाच्या घरातला खर्च. आरोग्य विमा तो सहसा देत नाही. टाइप २ मधुमेह असलेल्या घराने एवढा बोजा उचलावा असं मी म्हणणार नाही. वर्षातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी एखादा नेमका प्रश्न मनात ठेवून लावलेला सेन्सर त्यांना पुरतो. उपाशीपोटीची साखरच का जास्त येते? उपवासाच्या दिवसांत काय होतं? इन्सुलिनचा डोस बदलल्यावर रात्र कशी जाते? प्रश्न ठरवा, मग तारीख ठरवा. घरात लग्न, प्रवास, ताप, दातदुखी असं काही नसलेले, नेहमीचे दिवस निवडा, म्हणजे नेहमीची साखर दिसेल. उलट, प्रश्न उपवासाचाच असेल तर नवरात्रातच लावा.

विकत घेताना मुदत पाहा आणि खोक्यावर लिहिलेल्या तापमानातच तो ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत सांगली, तासगाव, जत भागात पारा चाळिशीला टेकतो. कुरिअरच्या गाडीत किंवा बंद मोटारीत दिवसभर तापलेला सेन्सर भरवशाचा राहत नाही. आपला मोबाइल त्या सेन्सरला चालतो का हे खोकं उघडण्याआधी तपासा. बऱ्याच स्वस्त मोबाइलमध्ये सेन्सरला टेकवून आकडे वाचायला लागणारी एनएफसी सोय नसते, आणि मग मुलाचा फोन किंवा वेगळा रीडर शोधत बसावं लागतं.

दंडाच्या मागच्या बाजूला, मांसल जागी तो लावायचा. जागा साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या. तीळ, व्रण किंवा इन्सुलिन टोचायची जागा टाळा. बायकांनी ब्लाउजच्या बाहीची कड नेमकी कुठे येते ते पाहूनच जागा ठरवावी, नाहीतर काढता-घालताना चकती उचकटते. ज्या कुशीवर झोपता तो हात नको: दंड दाबला गेला की सेन्सर रात्री खोटी कमी साखर दाखवतो. उसाच्या फडात किंवा द्राक्षबागेत काम असेल तर पूर्ण बाहीचा शर्ट आणि वरून औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी, एवढी काळजी घ्या. अंघोळीला हरकत नाही. पण लिब्रेची मर्यादा एक मीटर खोल पाणी आणि अर्धा तास अशी आहे, त्यामुळे विहिरीत सूर मारणं चौदा दिवस थांबवावं. एमआरआय किंवा सीटी स्कॅन ठरला असेल तर सेन्सरबद्दल आधी सांगा. रोज ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेत असाल तर लिब्रेचा आकडा खोटा वाढू शकतो. वापरून झालेला सुईचा भाग घंटागाडीत उघडा टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून दवाखान्यात द्या. कचरा वेचणाऱ्यांचे हात आपल्या हातांइतकेच मोलाचे आहेत.

स्कॅन करायचा सेन्सर असेल तर त्यात आठ तासांचीच माहिती साठते. झोपण्यापूर्वी, उठल्याबरोबर आणि दिवसात दोन-तीनदा मोबाइल टेकवला नाही तर मधला तुकडा कायमचा जातो, आणि बहुतेक वेळा रात्रीचाच जातो. नेमकी रात्रच तर आपल्याला पाहायची असते.

यापुढे खरं काम सुरू होतं. एक दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्येही नोंद करता येते, पण वही घरातलं कुणीही लिहू शकतं. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, औषध किंवा इन्सुलिन कधी घेतलं, किती चाललो, झोप कशी झाली, कशाने डोकं तापलं, हे लिहायचं. ‘जेवलो’ असं लिहिलं तर उपयोग नाही. ‘दोन भाकरी, वांग्याची भाजी, वाटीभर भात, ताक’ असं लिहा. वहीशिवाय आलेख म्हणजे नुसती वरखाली जाणारी रेघ. ती का चढली हे तिला स्वतःला सांगता येत नाही.

पहिले तीन-चार दिवस काहीही बदलू नका. नेहमीसारखं खा, नेहमीसारखं वागा. मोह होईल, कारण आकडा समोर दिसत असतो, पण आपल्याला आधी खरी परिस्थिती हवी आहे. मग एकेका जेवणाची परीक्षा घ्या. समजा, सकाळचे पोहे. खाण्याआधीचा आकडा लिहा, मग सर्वांत वर गेलेला आकडा आणि पुन्हा मूळ जागी यायला लागलेला वेळ. दुसऱ्या दिवशी तेच पोहे निम्मे घ्या आणि सोबत वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी. तिसऱ्या दिवशी पहिल्याइतकेच पोहे, पण खाल्ल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटं चालणं. तिन्ही दिवसांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले की कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि एकाच दिवसावरून निकाल देऊ नका. अपुऱ्या झोपेनेही साखर चढते.

भाकरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्या भागात तिच्यावर आंधळा विश्वास आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे. पण ज्वारीच्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्टमयच पदार्थ असतात, आणि ताटभर मोठ्या तीन भाकरी खाल्ल्या की त्या प्रमाणात साखर रक्तात येणारच. आलेख हे लगेच दाखवतो. सुरुवातीला पालेभाजी, काकडी-कांद्याची कोशिंबीर, उसळ किंवा पिठलं आणि शेवटी भाकरी, असा क्रम ठेवला तर चढ कमी होतो हे अनेकांना स्वतःच्या मोबाइलवर दिसतं. भात सोडायचा की नाही, किती खायचा, हेही असंच ठरवा.

एकादशीचं फराळाचं ताट ही दुसरी परीक्षा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा घातला की दुपारी बाराचा आलेख सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानीसारखा चढतो. भगर थोडीशी आणि दाण्याची आमटी भरपूर, किंवा राजगिरा आणि दही, असं करून पाहा आणि तुलना करा. इन्सुलिन किंवा साखर खाली नेणाऱ्या गोळ्या घेत असाल तर निरंकार उपवास डॉक्टरांना न विचारता करू नका.

गुळाचंही तसंच. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात ‘गूळ नैसर्गिक, तो चालतो’ हे इतक्या वेळा ऐकायला मिळतं की लोक गुळाचा चहा औषधासारखा पितात. गुळात बहुतांश साखरच असते आणि सेन्सरला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमहून जास्त साखर असते. काकवीही त्याच घरातली. द्राक्षं मात्र पूर्ण वर्ज्य नाहीत. दहा-बारा मणी जेवणानंतर घेऊन पाहा आणि आकडा लिहा. मूठभर बेदाण्यांत मात्र त्याच्या कित्येक पट द्राक्षांची साखर एकवटलेली असते.

इथे एक सावधगिरी. रेघ सपाट राहिली म्हणजे पदार्थ चांगला, असं मुळीच नाही. तेलकट फरसाण, भजी, चमचमीत मटण यांनी पहिले दोन तास साखर फारशी चढत नाही. जड जेवणानंतर ती चार-पाच तासांनी, झोपेत चढते. शिवाय तेल, मीठ आणि रक्तदाब हे सेन्सरला दिसत नाहीत. केवळ साखर चढत नाही म्हणून भात सोडून फरसाण खाणारा माणूस हृदयाचं नुकसान करून घेतो.

कमी साखरेबद्दल लिहिताना मी हात आखडता घेणार नाही, कारण जास्त साखर वर्षानुवर्षं हळूहळू नुकसान करते आणि कमी साखर एका रात्रीत जीव घेऊ शकते. सत्तरच्या खाली गेलेली साखर म्हणजे कमी; चोपन्नच्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात अडखळणं ही लक्षणं. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात ती जाणवेनाशी होतात, आणि अशांसाठी अलार्म देणारा सेन्सरच घ्यावा. सगळे सेन्सर अलार्म देत नाहीत.

साखर कमी झाली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. साखर घेतली तरी चालते, पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी सुरू असेल तर साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. साताऱ्याचा कंदी पेढा कितीही आवडता असला तरी या वेळी नको. त्यातला दुधाचा स्निग्धांश साखर रक्तात जायला उशीर लावतो. पंधरा मिनिटं थांबा आणि बोटाला सुई टोचून तपासा. सेन्सर मागे असतो, त्यामुळे तो अजूनही साठच दाखवत राहतो, माणूस घाबरून आणखी खातो आणि तासाभराने अडीचशे होतात. सुईचा आकडा अजूनही सत्तरखाली असेल तर तेवढंच ग्लुकोज पुन्हा घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. सेन्सर नॉर्मल म्हणतोय आणि अंगाला दरदरून घाम सुटलाय, अशा वेळीही सुईवर विश्वास ठेवा. म्हणून सेन्सर लावला तरी ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घरात हव्यातच. २०१९ आणि २०२१च्या महापुरात कृष्णाकाठच्या घरांनी दिवसेंदिवस विजेविना काढले. फोन बंद पडला की सेन्सरही मुका होतो.

शेतकऱ्यांसाठी एक खास सूचना. शेतीपंपाची वीज आठवडा-आठवड्याने रात्रीची येते आणि दारं धरायला मध्यरात्री रानात जावं लागतं. संध्याकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेतलेली, जेवण घाईत झालेलं, आणि वर तीन-चार तास चिखलात खोरं चालवणं. कष्टाच्या कामानंतर इन्सुलिनचा परिणाम कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत वाढलेला राहतो. अशा आठवड्यात सेन्सर लावा आणि तो आलेख डॉक्टरांना दाखवून त्या आठवड्यासाठी वेगळा डोस विचारून घ्या. निघताना आकडा शंभरच्या आत आणि बाण खाली असेल तर आधी खा, मग जा. ग्लुकोजची पुडी खिशात, सोबतच्या गड्याला कल्पना दिलेली, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. दारू घेतलेल्या रात्री साखर पहाटे खाली जाते आणि शुद्ध हरपलेला माणूस ‘पिऊन पडलाय’ म्हणून तसाच सोडला जातो. हे फार वाईट आहे. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लोणंद, तरडगाव, फलटणचा टप्पा चालणाऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत.

वर गेलेला आकडा पाहून मनानेच इन्सुलिन वाढवणं ही सेन्सर वापरणाऱ्यांची सर्वांत घातक सवय. जेवणानंतर दीड तासाने २३० दिसले, दोन युनिट जास्त घेतले. पहिल्या डोसचा परिणाम अजून संपलेला नव्हता, दोन्ही एकत्र झाले आणि साखर कोसळली. झटपट काम करणारं इन्सुलिनही तीन ते पाच तास शरीरात असतं. किती आकड्याला किती वाढवायचं हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं असेल तरच वाढवा. आकडे विनाकारण वर राहत असतील तर आधी पोटावर हात फिरवून पाहा. रोज एकाच जागी टोचून तिथे मऊसर गाठ झालेली असते आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन धड लागू पडत नाही. जागा बदलली की काही जणांचा डोस कमी करावा लागतो.

चौदा दिवस झाले की ॲप एक पानी अहवाल देतं, त्याला एजीपी म्हणतात. सगळे दिवस एकावर एक ठेवून चोवीस तासांचा एकच आलेख त्यात असतो. मधली गडद रेघ म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस. भोवतीचा पट्टा जितका रुंद तितकी साखर बेभरवशाची. वाचताना आधी खालची बाजू पाहा: सत्तरखाली कधी, किती वेळ? मग रात्र, मग जेवणाआधीची वेळ, आणि सगळ्यांत शेवटी जेवणानंतरचे चढ. लोक नेमके उलटे करतात, सर्वांत उंच टोक पाहून घाबरतात आणि पहाटे तीनचा खड्डा त्यांच्या नजरेतून सुटतो. पहाटे चार ते आठ या वेळात काही न खाताही साखर चढताना दिसली तर तो शरीरातल्या संप्रेरकांचा परिणाम असू शकतो. रात्रीचं जेवण आणखी कमी करून तो जात नाही.

२०१९ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेलं प्रमाण असं: बहुतेक प्रौढांची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे सुमारे सतरा तास, ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी. सत्तरखालचा वेळ ४ टक्क्यांच्या, म्हणजे तासाभराच्या आत. चोपन्नखालचा पंधरा मिनिटांच्या आत. वयोवृद्ध आणि नाजूक प्रकृतीच्या लोकांसाठी निम्मा वेळ या पट्ट्यात असला तरी पुरे, पण सत्तरखाली पंधरा मिनिटंसुद्धा नकोत. ऐंशी वर्षांच्या आजीची साखर तरुणासारखी करायचा हट्ट घरच्यांनी धरू नये. आज ४५ टक्के असाल तर पुढच्या वेळी ५५चं ध्येय ठेवा. दहा टक्के म्हणजे रोजचे जवळपास अडीच तास, ही मोठी कमाई आहे.

अहवाल आणि वही, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. जाताना तीनच प्रश्न लिहून न्या. ओपीडीत गर्दी असते, आणि नेमका प्रश्न विचारणाऱ्याला नेमकं उत्तर मिळतं. सेन्सर पाहून गोळ्या मनाने बंद केल्या असं मात्र कुणी करू नये. मुलगा पुण्या-मुंबईत असेल तर ॲपवरून त्याला आकडे दिसण्याची सोय आहे. चांगली सोय आहे, पण ‘आज काय खाल्लंस?’ असा जाब दर तासाला फोनवरून विचारला तर आई आठ दिवसांत सेन्सर काढून ठेवेल. फक्त कमी साखरेचा इशारा मुलाकडे जाईल एवढं ठेवलं तरी पुरतं. बाजारात हजार-दोन हजारांत ‘सुईशिवाय साखर मोजणारी’ घड्याळं आणि अंगठ्या मिळतात, त्या घेऊ नका. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्यातल्या आकड्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतेल.

टाइप १च्या मुलांना हे सगळं लागू आहेच, पण त्यांच्यासाठी सेन्सर वर्षातून दोनदा लावण्याची गोष्ट नाही, रोजची गरज आहे. त्यांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. सेन्सर नसेल तर आठ वर्षांच्या मुलीला दिवसातून सहा-सात वेळा बोट टोचून घ्यावं लागतं आणि तिची आई रात्री दोनचा गजर लावून उठते. वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या सरांना कमी साखरेची लक्षणं सांगून ठेवा, दप्तरात ग्लुकोज ठेवा, आणि परीक्षेला फोन-सेन्सर नेण्याची परवानगी शाळेकडून आधीच लेखी घ्या. सीबीएसईने २०१७ मध्येच मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ सोबत नेण्याची मुभा दिली आहे. उलट्या, ताप असताना मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन थांबवू नका. साखर अडीचशेच्या वर आणि उलट्या सुरू असतील तर घरी थांबू नका. मिरज, सांगली, कराड, सातारा इथे मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत, त्याचा फायदा वेळेत घ्या.

आणि एक मागणी आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ आणि गणेश मंडळं दरवर्षी मोफत शुगर तपासणीची शिबिरं घेतात. मांडवात एकदा बोट टोचून हातात आकडा दिला जातो आणि पुढे कुणी विचारत नाही. त्या खर्चातला काही भाग तालुक्यातल्या टाइप १च्या मुलांच्या सेन्सरसाठी बाजूला काढा. एका तालुक्यात अशी मुलं फार नसतात. यादी तालुक्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे आणि सरकारी रुग्णालयात मिळेल. पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडायला आपल्यापैकी एकाने उभं राहावं.